गराजमधली कडी-खुंटीची प्लास्टिक फरशी

मिशिगन, इलिनॉय, न्यू जर्सी अशा बर्फाच्या राज्यांत दोन गाड्यांचं गराज असलेल्या घरात राहणाऱ्यांना मार्च महिन्यातला गराजचा कोबा कसा दिसतो हे सांगायला नको. गाडीच्या पोटाला चिकटून आलेला बर्फ रात्रभर वितळतो. त्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं. ते खारट पाणी कोब्यात मुरतं, गोठतं, वितळतं, परत गोठतं आणि काही वर्षांत वरचा पापुद्रा सुटू लागतो. यावर कोणी इपॉक्सी, म्हणजे कोब्याला चिकटणारा राळेचा कडक रंग, लावतं, कोणी रबरी चटया टाकतं, तर कोणी एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स घालतं. ही पोस्ट या टाइल्सबद्दल आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. ही फरशी जमिनीला कुठेही चिकटवलेली नसते. शेकडो टाइल्स एकमेकींना अडकून एक मोठा पत्रा तयार होतो आणि तो कोब्यावर नुसता पडून असतो. उन्हाळ्यात तो पसरतो, थंडीत आकसतो आणि त्याच्याखाली पाणी जातं. त्यामुळे टाइल निवडताना, मोजताना, कापताना आणि नंतर वापरताना दोनच प्रश्न विचारायचे: हिला हलायला जागा ठेवली आहे का, आणि खालच्या पाण्याला बाहेर जायला वाट आहे का? फरशी बिघडल्याच्या बहुतेक तक्रारी या दोनपैकी एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच आलेल्या असतात.

कुठली टाइल

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक कडक पॉलिप्रॉपिलीनची आणि दुसरी लवचिक पीव्हीसीची. पीव्हीसी पायाला मऊ लागते, आवाज करत नाही आणि साध्या कटरनं कापता येते. गराजच्या कोपऱ्यात व्यायामाची जागा करायची असेल तर ती छानच. पण जिथे गाडी उभी राहणार तिथे माझं मत स्पष्टपणे पॉलिप्रॉपिलीनच्या बाजूनं आहे. टायरच्या रबरातली तेलकट रसायनं मऊ पीव्हीसीत उतरतात आणि टायर उभा राहतो तिथे पिवळट-तपकिरी डाग पडतात. हे डाग पृष्ठभागावर नसतात, आत मुरलेले असतात, त्यामुळे कुठल्याही साबणानं जात नाहीत. कडक पॉलिप्रॉपिलीनवर टायरची काळी खूण उमटते, पण ती घासली की बहुतेक वेळा निघते.

दुसरा प्रश्न जाळीची की भरीव. जाळीच्या टाइलमधून पाणी, वाळू, मीठ सरळ खाली जातं आणि वरचा भाग कोरडा राहतो. भरीव टाइलवर नाण्यांसारखी किंवा हिऱ्यासारखी उठावदार नक्षी असते. ती झाडायला-पुसायला सोपी, पण तिच्यावर वितळलेल्या बर्फाचं तळं साचतं आणि ओल्या बुटांनी पाय घसरतो. बर्फाच्या प्रदेशात गाडीखाली जाळी आणि कामाच्या टेबलासमोर भरीव हा मिलाफ सगळ्यात उपयोगी पडतो. एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या या दोन्ही टाइल्स सहसा एकमेकींत बसतात, मात्र मागवण्याआधी तसं विचारून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या टाइल्स एकमेकींत बसत नाहीत. मापही वेगळं असतं: रेसडेकची टाइल १२ इंची चौरस, तर स्विसट्रॅक्सची रिबट्रॅक्स ४० सेंटिमीटरची, म्हणजे १५.७५ इंची. पहिलीची एक टाइल बरोबर १ चौरस फूट भरते, दुसरीची १.७२ चौरस फूट. जाडी साधारण अर्धा ते पाऊण इंच.

बास्केटबॉल कोर्टासाठीही अशाच दिसणाऱ्या टाइल्स मिळतात आणि काही वेळा स्वस्तात मिळतात. त्या पळणाऱ्या माणसांसाठी बनवलेल्या असतात. गाडीचं वजन पेलण्याची हमी लिखित दिलेली नसेल तर त्या गराजमध्ये आणू नयेत.

रंगाबद्दल थोडक्यात. पूर्ण काळ्या टाइलवर धूळ आणि वाळलेलं मीठ उठून दिसतं, पांढरीवर टायरच्या खुणा. मधला राखाडी दोन्ही लपवतो. बुद्धिबळाच्या पटासारखी रचना करायची हौस असेल तर जरूर करा, फक्त दोन रंगांची संख्या वेगवेगळी मोजा.

कोब्याची तपासणी

टाइल्स मागवण्यापूर्वी एक बादली पाणी घ्या आणि गराजच्या मागच्या भिंतीपाशी ओता. पाणी कुठे जातं ते बघा. अमेरिकेतल्या निवासी बांधकाम नियमांनुसार गाडी उभी करण्याच्या भागाला दाराकडे किंवा ड्रेनकडे उतार असायला हवा. दर फुटाला अष्टमांश ते पाव इंच उतार असला तर पाणी व्यवस्थित वाहतं. पण जुन्या घरांत कोबा कुठेतरी खचलेला असतो आणि मध्येच पाणी साठून राहतं. अशा खोलगट जागा खडूनं आखून ठेवा. टाइलखाली साठलेलं पाणी दिसणार नाही, पण ते तिथेच राहील, त्याला वास येईल, आणि त्या जागी टाइल अधांतरी राहिल्यामुळे चालताना पोकळ आवाज होईल. पाव इंचाहून खोल खड्डा असेल तर सिमेंटच्या पॅचिंग कंपाउंडनं भरून घ्या. बारीक भेगा भरायची गरज नाही. मात्र भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा वर आली असेल तर ती जमीन खचल्याची खूण आहे. ती झाकण्याआधी जाणकाराला दाखवा.

खालून ओल येते का हे बघायची सोपी पद्धत अशी: १८ इंच चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर चारही बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवायचं आणि किमान १६ तास तसंच ठेवायचं. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला असेल तर ओल येते आहे. इपॉक्सीवाल्याला इथे थांबावं लागतं, कारण ओल खालून दाबते आणि रंगाचे पोपडे निघतात. टाइलच्या बाबतीत हवा खालून खेळत असल्यामुळे थोडी ओल चालते. फक्त अशा गराजमध्ये भरीव टाइल कमी आणि जाळीची जास्त वापरा. कोब्यावर पांढरा लोणा आलेला असेल तर तो ताठ ब्रशनं घासून काढा.

बर्फाच्या राज्यात एक काम टाइल घालण्याआधीच होऊ शकतं, नंतर ते होत नाही. कोबा धुऊन, पूर्ण सुकवून त्यात मुरणारा सिलेन-सिलॉक्सेन सीलर मारायचा. तो वर थर करत नाही, आत जाऊन पाणी आणि मीठ शोषण्याचं प्रमाण कमी करतो. जाळीच्या टाइलखाली खारट पाणी जाणार हे ठरलेलंच आहे, म्हणून हा खर्च मी टाळणार नाही. तेलाचे जुने डाग आधी डीग्रीझरनं काढा, नाहीतर तिथे सीलर आत शिरत नाही.

मोजणी: चौरस फुटांवर विसंबू नका

समजा गराजची आतली रुंदी १९ फूट ४ इंच आहे आणि बंद दाराच्या आतल्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत खोली २० फूट आहे. क्षेत्रफळ येतं सुमारे ३८७ चौरस फूट. १२ इंची टाइल घेणार म्हणून ३८७ टाइल्स मागवल्या तर त्या कमी पडणार, कारण भिंतीलगतच्या कापलेल्या तुकड्याचा उरलेला भाग बहुतेक वेळा वाया जातो.

आता नीट मांडू. रुंदी २३२ इंच. १९ पूर्ण टाइल्स बसवल्या तर २२८ इंच होतात आणि उरतात ४ इंच. त्यातून भिंतीलगतची मोकळी जागा वजा केली की सव्वातीन इंचांची चिंचोळी पट्टी राहते. अशी पट्टी खालच्या आधाराच्या एखाद-दोन ओळींवरच उभी असते आणि पाय पडला की कलते. त्यापेक्षा १८ पूर्ण टाइल्स मध्ये घ्या. २१६ इंच झाले, उरले १६. दोन्ही बाजूंना ३/८ इंच मोकळी जागा सोडली की राहिले सव्वापंधरा, म्हणजे प्रत्येक बाजूला ७ ५/८ इंचांचा तुकडा. हा मजबूत बसतो आणि दोन्हीकडे सारखा दिसतो.

खोलीत २४० इंचांतून दारापाशी रॅम्पचे, म्हणजे गाडी चढायला कडेला लावायच्या उतरत्या पट्टीचे, समजा अडीच इंच गेले, मागच्या भिंतीला अर्धा इंच मोकळा सोडला. उरले २३७. म्हणजे १९ पूर्ण ओळी आणि शेवटची ९ इंचांची कापलेली ओळ. एकूण २० स्तंभ गुणिले २० ओळी, म्हणजे ४०० टाइल्स. वर कापण्यातल्या चुकांसाठी ५ टक्के धरले तर ४२०. खांब, पायरी, वॉटर हीटर असं बरंच मध्ये येत असेल तर १० टक्के जास्त घ्या. अमेरिकेत चांगल्या पॉलिप्रॉपिलीन टाइलचा भाव साधारण ३ ते ५ डॉलर चौरस फूट पडतो, त्यामुळे या जास्तीच्या टाइल्सचा भुर्दंड फार नाही. शिवाय नंतर मागवलेल्या टाइलचा रंग आधीच्या लॉटशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते.

हे गणित करण्याआधी नमुन्याच्या दहा टाइल्स मिळाल्या तर त्या अडकवून एकूण लांबी मोजा. १२ इंची म्हणून विकलेली टाइल अडकवल्यावर बरोबर १२ इंच भरेलच असं नाही. वीस टाइल्सच्या ओळीत अशा फरकाची बेरीज होते.

कडी आणि खुंटी कुठल्या दिशेला

प्रत्येक टाइलच्या चारपैकी लगतच्या दोन बाजूंना बाहेर आलेल्या कड्या असतात आणि उरलेल्या दोन बाजूंना खालच्या अंगाला खुंट्या. नवी टाइल घालताना तिच्या खुंट्या आधी घातलेल्या टाइलच्या कड्यांवर ठेवून वरून दाबायच्या. टक् असा आवाज आला की बसली. उलट दिशेनं काम सुरू केलं तर दर वेळी आधीची टाइल उचलून नवीची कडी तिच्याखाली सरकवावी लागते, आणि सोपं काम दुप्पट वेळ खातं.

म्हणून दाराकडे पाठ करून, डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची असेल तर कड्या उजवीकडे आणि मागच्या भिंतीकडे वळलेल्या हव्यात. म्हणजे दाराकडच्या बाजूला खुंट्या येतात, आणि त्यासाठी रॅम्प कड्यांचा लागतो. रॅम्प दोन प्रकारचे येतात, कडीचे आणि खुंटीचे. ऑर्डर देताना हीच गफलत सगळ्यात जास्त होते. वरच्या उदाहरणात पूर्ण रुंदीभर लावले तर कडीचे २० रॅम्प लागतील. कोपऱ्याचे तुकडे फक्त तिथेच लागतात जिथे फरशीची कड दोन बाजूंनी उघडी राहते. भिंतींमध्ये बसणाऱ्या फरशीला ते नकोत.

दारापाशी सूत मारून रॅम्पची रेषा आखा. डाव्या भिंतीपासून ८ इंचांवर दुसरी रेषा मारा. ही पहिल्या पूर्ण टाइलची डावी कड. दोन्ही रेषा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का ते बघायला एका रेषेवर ६ फूट आणि दुसरीवर ८ फूट मोजा. त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर १० फूट यायला हवं. गराजच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून भिंतीच्या नव्हे, या रेषेच्या आधारानं चालायचं आणि भिंतीचा वाकडेपणा कापलेल्या तुकड्यांत जिरवायचा.

डाव्या भिंतीच्या तुकड्यांची कडीची बाजू राखायची आणि खुंटीची कापायची. उजव्या भिंतीला उलट: खुंटी राखायची, कडी कापायची. मागच्या भिंतीलाही खुंटी राहू द्यायची. यातून एक बचत निघते. दोन्ही बाजूंचे तुकडे पात्याची जाडी सोडून ६ इंचांपेक्षा लहान असतील तर एकाच टाइलचे दोन भाग दोन्ही भिंतींना वापरता येतात, आणि २० ओळींच्या गराजमध्ये पूर्ण २० टाइल्स वाचतात. आपल्या उदाहरणातल्या ७ ५/८ इंचांच्या तुकड्यात ते जमत नाही.

बरेच जण सगळ्या पूर्ण टाइल्स आधी घालतात आणि कापाकापी शेवटी करतात. उजव्या आणि मागच्या बाजूला ते ठीक आहे. डावा स्तंभ मात्र आधीच कापून ओळीबरोबर घालत जा. शेवटी घालायचा ठरवला तर प्रत्येक तुकड्याची कडी बसलेल्या टाइलखाली घुसवावी लागेल.

दाबायला गुडघा किंवा टाच बहुतेक वेळा पुरते. थंडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, तेव्हा रबरी हातोडी घ्या आणि सांध्यावर हलका ठोका द्या. दर तीन-चार ओळींनंतर हात फिरवून बघा. एखादी खुंटी अर्धवट बसली असेल तर ती कड किंचित उंच लागते. ती तशीच राहिली तर पुढच्या ओळी तिरक्या जातात आणि दहाव्या ओळीत सांधे जुळेनासे होतात. दोन माणसांनी एका दिवसात ४०० चौरस फूट आरामात होतं. त्यातला मोठा वेळ कडांच्या तुकड्यांवर जातो.

कापायला टेबल सॉ सगळ्यात सोयीचा, कारण एकाच मापाचे वीस तुकडे सलग निघतात. जिगसॉही चालतो, पण वेग कमी ठेवा आणि मोठ्या दात्यांचं पातं लावा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं. बारीक दात्यांचं पातं वेगात चाललं की घर्षणानं प्लास्टिक वितळतं आणि पात्यामागे पुन्हा जुळून येतं. चष्मा घालाच, कारण उडणारे कण टोकदार असतात. पाइपभोवती बसवायची टाइल होल सॉनं भोक पाडून, मग भोकातून दोन भागांत कापून घ्या.

उन्हाळ्यात फरशी का फुगते

तापमानाबरोबर पॉलिप्रॉपिलीन काँक्रीटच्या सुमारे दहापट पसरतं. १० अंश सेल्सिअसला घातलेली २० फुटी ओळ ३५ अंशाला साधारण दीड सेंटिमीटर लांबू शकते. काही वाढ प्रत्येक सांध्यातल्या ढिलाईत सामावते. बाकीची भिंतीकडे जाते. तिथे जागा नसेल तर फरशी मध्ये तंबूसारखी उचलली जाते. म्हणून चारही बाजूंना पाव ते अर्धा इंच मोकळं ठेवायचं. हिवाळ्यात घालत असाल तर पूर्ण अर्धा इंच ठेवा, आणि खोकी उघडून टाइल्स आदल्या दिवशी गराजमध्ये पसरून ठेवा.

भिंतीलगत जागा ठेवूनही फुगवटा येतो तेव्हा बहुतेक वेळा फरशी कुठेतरी दाबली गेलेली असते. एका भिंतीला वजनदार कपाट, समोरच्या भिंतीला फ्रीज आणि हत्यारांनी भरलेलं टेबल, असं दोन्ही टोकांना वजन बसलं की मधला भाग अडकतो. जी कपाटं कायमची आहेत त्यांच्याखाली टाइल घालूच नका. कपाटाच्या पुढच्या कडेपाशी फरशी थांबवा आणि तिथेही फट सोडा. टाइल स्क्रूनं जमिनीत ठोकणं किंवा गोंदानं चिकटवणं हे तर कधीच नको. गाडी उचलण्याची दोन खांबांची लिफ्ट असेल तर तिचे तळपत्रे थेट काँक्रीटवरच बसले पाहिजेत आणि अँकर बोल्ट काँक्रीटमध्येच गेले पाहिजेत. टाइल त्यांच्याभोवती कापायची. हा सुरक्षेचा प्रश्न आहे, दिसण्याचा नाही.

दार उघडं असताना ऊन पडतं ती पहिली-दुसरी ओळ सगळ्यात जास्त तापते, विशेषतः गडद रंगाची. फुगवटा आलाच तर घाबरू नका. मागच्या भिंतीची कापलेली ओळ काढून पाव इंच आणखी कापा, सगळं पुन्हा सपाट होतं.

दारापाशी

गराजच्या दाराचं खालचं रबर टाइलवर टेकावं की कोब्यावर? कोब्यावर. रॅम्प दाराच्या आतच संपवा. जाळीची टाइल दाराखालून बाहेर नेली तर रबराखालच्या पोकळीतून वारा, पाणी, किडे आणि उंदीर आत येतात, आणि दार उघडणाऱ्या मोटरची (ओपनरची) दार थांबण्याची मर्यादाही बदलावी लागते. रॅम्प उलटा करून बघा. त्याच्या खालच्या अंगाला पाणी जायला जागा आहे का? बंद असेल तर फूटभर अंतरावर छोट्या खाचा कापा, नाहीतर वितळलेलं पाणी रॅम्पमागे अडून राहील. घरात जाणारं दार गराजच्या बाजूला उघडत असेल तर त्याखाली टाइलच्या जाडीपेक्षा जास्त फट आहे ना, हेही आधी मोजा.

वजन, जॅक, चाकं

टायरमुळे टाइल तुटेल ही भीती अनाठायी आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे ३५ ते ४२ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड). बॅटरीवाली गाडी जड असली तरी तिचं वजन रुंद पट्ट्यावर पसरतं. खरा धोका जॅकस्टँडचा, म्हणजे उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्या लोखंडी घोडीचा. त्याच्या चार पायांच्या अरुंद कडांवर पाचशे-सहाशे किलो येतात आणि जाळी चेपते. स्टँडखाली पाऊण इंची प्लायवूडचा फूटभर चौरस तुकडा ठेवा. फ्लोअर जॅकची लोखंडी चाकं गाडी उचलताना किंचित पुढे सरकावी लागतात, ती जाळीत अडकली तर जॅक तिरका होतो. म्हणून त्याखाली लांब प्लाय किंवा भरीव टाइलची पट्टी हवी. मोटरसायकलच्या साइड स्टँडखालीही चकती ठेवा.

गाडी थांबलेली असताना जागेवर स्टीअरिंग फिरवलं की टायर टाइलला पिळतो आणि खुंट्या निसटतात. गाडी किंचित पुढे-मागे चालू ठेवून चाकं वळवायची सवय लावा.

रोजचा वापर

हिवाळ्यात आत आलेला बर्फ खाली निघून जातो आणि चपलांना चिखल लागत नाही, हा या फरशीचा सगळ्यात मोठा फायदा. पण खाली गेलेलं मीठ आणि वाळू आपोआप नाहीशी होत नाही. एप्रिलमध्ये, गोठण्याची भीती संपली की, मागच्या भिंतीकडून दाराकडे नळीनं भरपूर पाणी सोडा. वर्षा-दोन वर्षांतून एकदा गाडी उभी राहते तिथल्या टाइल्स उचला. दोन-तीन टाइल्स रुंदीची पट्टी एका टोकाकडून उचकटत न्या, एकेक सुटी करायची गरज नाही. खालचा गाळ शॉप व्हॅकनं (ओला कचराही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरनं) ओढा, कोबा धुवा, सुकू द्या, परत दाबून बसवा. पट्टीच्या पाठीवर मार्करनं क्रमांक टाकला की घोळ होत नाही.

ड्रिलिंग किंवा ग्राइंडिंग जाळीवर करू नका. लोखंडाचा कीस खाली जातो, ओला होतो आणि कोब्यावर गंजाचे डाग पडतात. लहान नट-बोल्टही खाली जातात. त्यामुळे कामाच्या जागी चटई अंथरा. सुतारकाम मुख्य असेल तर मी जाळीची टाइल सुचवणारच नाही, कारण भुसा खाली जाऊन ओलीत कुजतो. वेल्डिंग करताना टाइल्स काढून ठेवा. ठिणगीनं पडलेलं भोक दुरुस्त होत नाही, टाइल बदलावी लागते.

इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड यांनी पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही, पण ते खाली जातं. ऑइल बदलताना मोठा ट्रे ठेवा. पेट्रोल सांडलं तर मात्र वरवर पुसून भागत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टाइलखालच्या पोकळीत रेंगाळते. गराजमध्ये ज्योतीचा वॉटर हीटर जमिनीपासून १८ इंच उंच बसवण्याच्या नियमामागेही हेच कारण आहे. दार उघडा, कुठलीही ठिणगी होऊ देऊ नका, त्या जागेच्या टाइल्स उचलून खालचं पेट्रोल शोषक मातीनं टिपून बाहेर काढा. लॉनमोअरमध्ये पेट्रोल बाहेरच भरा.

आवाजाबद्दल अपेक्षा योग्य ठेवा. कडक टाइलवर कडक बुटांनी चालल्यावर आवाज होतोच. कोबा सपाट असेल तर तो कमी होतो. आवाज कमी करायला फोमचं अस्तर घालण्याचा सल्ला मिळतो. कोरड्या गराजमध्ये ते ठीक, बर्फाच्या प्रदेशात ते पाणी धरून ठेवतं, म्हणून नको.

भारतात घालायची असेल तर

पुण्या-नाशिककडे बंगल्याच्या बंद पार्किंगमध्ये ही फरशी चांगली चालते. मीठ-बर्फाचा प्रश्न नाही. पावसाळ्यात चाकांबरोबर येणारी लाल माती मात्र जाळीत भरते आणि वाळली की घट्ट होते, त्यामुळे पावसाळा संपल्यावर धुणं चुकवून चालणार नाही. झुरळं आणि मुंग्या खालच्या पोकळीत घर करतात, हेही लक्षात घ्या. उघड्या पोर्चमध्ये, विशेषतः विदर्भातल्या उन्हात, गडद प्लास्टिक इतकं तापतं की मी तिथे शहाबादी किंवा पेव्हर ब्लॉकच सुचवेन. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये ड्रेनेजचा उतार सगळ्यांचा मिळून असतो. तिथे सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि आपल्या टाइल्समुळे शेजारच्या जागेत पाणी तुंबत नाही ना, हे आधी बादलीभर पाणी ओतून दोघांनी मिळून बघा.